रिओखाची रेड वाइन: चव कशी घ्यायची, कशाबरोबर प्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश रेड वाइनची ओळख करून घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू?

रिओखापासून. उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या दोन्ही काठांनी हा पट्टा पसरला आहे आणि त्यातली ६५ हजार हेक्टरांहून जास्त जमीन द्राक्षबागांखाली आहे. उत्तरेला सिएरा दे कान्ताब्रिया ही डोंगररांग अटलांटिकवरून येणारे गार, ओले वारे अडवते. पश्चिमेकडचा हारो गावाचा भाग उंचावर आणि थंड, तर पूर्वेकडे भूमध्य समुद्राची ऊब जाणवते. रिओखा आल्ता, रिओखा आलावेसा आणि रिओखा ओरिएन्ताल असे या प्रदेशाचे तीन भाग आहेत. यातल्या शेवटच्याला २०१८ पर्यंत रिओखा बाखा म्हणत, त्यामुळे जुन्या बाटल्यांवर ते नाव दिसेल.

सुरुवात इथूनच करा असं मी ठामपणे सांगतो, त्याचं कारण वेगळं आहे. इतर अनेक ठिकाणी मुरण्याजोगी चांगली वाइन विकत घेणाऱ्यालाच घरी ठेवून मुरवावी लागते. रिओखातल्या बोदेगा, म्हणजे वाइन बनवणारी घरं, ती स्वतःच्या तळघरात मुरवतात आणि पिण्यायोग्य झाली की बाजारात आणतात. नव्या माणसाला वाट पाहावी लागत नाही. आणि या वाइनचा पिंड मुळात जेवणाच्या ताटाशेजारचा आहे. नुसत्या घोटावर तिची पारख करू नका, घासाबरोबर करा. या पानावरची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

यात द्राक्षं कोणती असतात?

मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. लाल चेरी, आलुबुखार, मध्यम आंबटपणा आणि तुरटपणाचा चांगला कणा हे त्याचे गुण. त्याच्या जोडीला गार्नाचा अंग भरून देतो, ग्रासियानो आंबटपणा आणि सुगंध आणतो, मासुएलो रंग आणि तुरटपणा. ग्रासियानो पिकवायला कटकटीचा, उत्पन्नही कमी, तरी जुन्या बोदेगा तो सोडत नाहीत. रेसेर्वात, म्हणजे जास्त मुरवलेल्या वाइनमध्ये, तो थोडासा असला तरी जाणवतो.

क्रियान्सा, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा म्हणजे काय?

वाइन किती मुरली आहे, त्याचा हा कायदेशीर हिशोब आहे. रेड वाइनसाठी तो असा:

क्रियान्सा: एकूण किमान २ वर्षं, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात.
रेसेर्वा: एकूण किमान ३ वर्षं, त्यातलं १ वर्ष पिंपात आणि ६ महिने बाटलीत.
ग्रान रेसेर्वा: एकूण किमान ५ वर्षं, त्यातली २ पिंपात आणि २ बाटलीत.

पिंप साधारण २२५ लिटरचं असतं. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर बहुधा ती ताजी, तरुण वाइन असते. तिला तिकडे होवेन म्हणतात. बाटलीच्या मागे नियामक मंडळाची छोटी पट्टी असते. हिरवी म्हणजे साधी, लाल म्हणजे क्रियान्सा, गडद लाल म्हणजे रेसेर्वा आणि निळी म्हणजे ग्रान रेसेर्वा. दुकानात लेबल वाचायचा कंटाळा आला तर या पट्टीकडे बघा.

२०१७ पासून गावाचं नाव किंवा एकाच विशिष्ट बागेचं नाव लेबलवर लिहिण्याची सोयही झाली आहे. किती वर्षं मुरली यापेक्षा कुठल्या मातीतून आली हे महत्त्वाचं मानणाऱ्या उत्पादकांचा त्यासाठी आग्रह होता, आणि तो मला रास्त वाटतो.

मग ग्रान रेसेर्वा सगळ्यात चांगली, असंच ना?

नाही. ती सगळ्यात जास्त मुरलेली, एवढंच खरं. सहसा चांगल्या वर्षाच्या निवडक द्राक्षांचीच ती करतात, त्यामुळे दर्जा उंच असतो. पण पिंपात आणि बाटलीत वर्षं गेली की ताज्या फळाची चव मागे पडते आणि सुकं अंजीर, तंबाखूचं पान, चामडं, ओली माती असे वास पुढे येतात. हे नाजूक असतं. मसालेदार ताटापुढे ते टिकत नाही, आणि तुम्ही दिलेले जास्तीचे पैसे मसाल्याखाली दबून जातात. रोजच्या चांगल्या जेवणासाठी माझी निवड क्रियान्सा. फळ शाबूत, लाकूड बेताचं, आणि किंमत सोसवेल अशी.

ओकच्या पिंपाचं एवढं कौतुक का? हे आलं कुठून?

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बॉर्दोहून. मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल या दोन घरांनी १८५०-६० च्या सुमारास बॉर्दोच्या पद्धतीने पिंपात वाइन मुरवायला सुरुवात केली. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या बागांची मुळं पोखरली. बॉर्दोच्या व्यापाऱ्यांना माल हवा होता, तो डोंगरापलीकडे रिओखात मिळत होता. हारोमधून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झालेली होतीच. म्हणून स्टेशनाच्या आसपास बोदेगा उभ्या राहिल्या. १८७७ ची लोपेस दे एरेदिया, १८७९ ची कूने, १८९० ची ला रिओखा आल्ता. हारोचा हा स्टेशन भाग आजही तसाच आहे, एका बोदेगातून दुसरीत चालत जाता येतं. शतक संपता संपता ती कीड रिओखातही पोचली आणि इथल्या बागाही अमेरिकन मुळांवर कलमं करून नव्याने लावाव्या लागल्या.

फ्रेंचांची पद्धत घेतली, पण लाकूड मात्र बरंचसं अमेरिकन ओकचं वापरलं गेलं. रिओखाचा ओळखीचा वास यातूनच येतो. अमेरिकन ओकमध्ये व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास देणारे घटक जास्त असतात. फ्रेंच ओक लवंग, दालचिनीकडे झुकतं. आता कित्येक बोदेगा दोन्ही वापरतात. लोपेस दे एरेदिया अजूनही आपली पिंपं आपल्याच सुतारशाळेत बनवते.

पिंपातून हवेचा अगदी सूक्ष्म शिरकाव होत राहतो. त्याने तुरटपणाची धार बोथट होते आणि रंग जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो. मधूनमधून वाइन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात ओतून घेतात, म्हणजे गाळ मागे राहतो. जुन्या घरांत हे काम करणारा माणूस मेणबत्तीच्या उजेडात धार न्याहाळतो आणि ती गढूळ व्हायला लागली की तिथेच थांबतो.

चव घ्यायची नेमकी पद्धत काय?

साधा, पारदर्शक, तोंडाशी किंचित निमुळता काचेचा ग्लास घ्या. तिसरा हिस्साच भरा.

आधी बघा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग नको, कडेचा बघा. कड जांभळट असेल तर वाइन तरुण. विटकरी किंवा नारिंगी झाक आली असेल तर मुरलेली. क्रियान्सात कड अजून लालच असते. बारा-पंधरा वर्षांच्या ग्रान रेसेर्वात ती चहाच्या रंगाकडे गेलेली दिसते.

मग वास. ग्लास न हलवता एकदा हुंगा. हलके, उडून जाणारे वास तेव्हाच सापडतात. मग ग्लास टेबलावर टेकवून गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. आधी फळ शोधा, मग लाकूड. रिओखात व्हॅनिला आणि किसलेल्या सुक्या खोबऱ्याचा वास आपल्या नाकाला लगेच सापडतो, कारण ते खोबरं आपल्या स्वयंपाकघरात रोज असतं.

मग घोट. घाईने गिळू नका, तोंडभर फिरू द्या. जिभेच्या कडांना लाळ सुटली तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळल्यासारखी वाटली तर तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. कोऱ्या चहाचा कडक घोट घेतल्यावर तोंड जसं कोरडं पडतं, तसंच हे. घशात आणि छातीत जी ऊब लागते ती अल्कोहोलची. रिओखात ते साधारण १३.५ ते १४.५ टक्के असतं. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा. दोन-तीन सेकंदांत विरली तर वाइन साधी, दहा सेकंदांपुढे गेली तर चांगली.

आणि यापुढची पायरी बहुतेक पानांवर गाळलेली असते. आता एक घास खा. मिठाचं, थोडं तूपकट किंवा चरबीचं काहीतरी. भाजलेल्या मटणाचा तुकडा असेल तर उत्तम, नाहीतर खारट, जुनं चीज. तो चावून झाल्यावर दुसरा घोट घ्या. पहिल्या घोटाला हिरड्यांना लागलेली पकड सैल झालेली असते आणि मघाशी लपलेलं फळ पुढे येतं. टॅनिन प्रथिनांना जाऊन चिकटतं. तोंडात खाण्यातली प्रथिनं असली की ते लाळेतल्या प्रथिनांच्या मागे कमी लागतं. मीठ आणि चरबीही तुरटपणा झाकतात. दोन घोटांतला हा फरक ज्याने एकदा अनुभवला, त्याला जेवणाबरोबर वाइन का घेतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

लोकांना चेरी, चामडं, तंबाखू सगळं लागतं. मला नुसती 'वाइन' लागते. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. वास ओळखणं हा स्मरणाचा भाग आहे. जे कधी हुंगलंच नाही ते ओळखायचं कसं? ब्लॅकबेरी आपल्याकडे फारशी मिळत नाही, तर ती सापडली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आपल्या ओळखीचे शब्द वापरा: करवंद, जांभूळ, आमसूल, सुकं अंजीर, जायफळ, नवीन चपलेचं चामडं, पावसानंतरची माती. एक होवेन आणि एक रेसेर्वा शेजारी ठेवून चाखा. नुसत्या एका ग्लासातून जे कळत नाही ते दोन ग्लासांच्या तुलनेतून पटकन कळतं.

रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते ना?

ठेवायची. 'रेड खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा आहे. मुंबईत किंवा नागपुरात मेमध्ये खोलीचं तापमान ३० च्या पुढे असतं आणि त्या तापमानाला अल्कोहोल नाकात जातं, फळ शिजल्यासारखं लागतं. रिओखा क्रियान्सा किंवा रेसेर्वा १६ ते १८ अंशांना प्यावी, होवेन आणखी दोन-तीन अंश गार. बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दीड-दोन तास ठेवा आणि काढल्यावर लगेच ओता. फार गार वाटली तर ग्लास तळहातात धरा. पण जास्त गार केलीत तर तुरटपणा टोचतो, हेही लक्षात असू द्या.

डिकॅन्टर लागतो का?

डिकॅन्टर म्हणजे वाइन ओतून तिला हवा देण्याचं काचेचं भांडं. होवेन आणि क्रियान्साला तो लागत नाही. रेसेर्वा अर्धा तास आधी उघडून काचेच्या स्वच्छ जगमध्ये ओतली तर खुलते. जुन्या ग्रान रेसेर्वाच्या तळाशी गाळ असतो. तो निरुपद्रवी, पण तोंडात कचकचतो. आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा आणि हलक्या हाताने ओता. अशा वाइनला तासन् तास हवा देऊ नका, तिचा दरवळ उडून जातो.

रिओखातले लोक स्वतः या वाइनबरोबर काय खातात?

सगळ्यात आधी कोकराच्या छोट्या बरगड्या, चुलेतियास अल सार्मिएन्तो. हिवाळ्यात द्राक्षाची छाटणी झाली की काड्यांच्या मोळ्या बांधून वाळवतात. त्या पेटवल्या की ज्वाळा झटकन वर येते आणि तशीच खाली बसते. मागे उरलेल्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून बरगड्या भाजतात. वर फक्त जाड मीठ. बाहेरून कुरकुरीत, हाडाजवळ मऊ, आणि चरबीला काडीच्या धुराचा वास. ज्या वेलीची वाइन, त्याच वेलीच्या काडीवर भाजलेलं मांस. याहून सरळ जोडी मला माहीत नाही. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांकडे छाटणीच्या काड्यांना तोटा नाही. त्यांनी हे एकदा जरूर करून बघावं, काड्या नीट वाळलेल्या आणि फवारणीच्या औषधांपासून मुक्त असतील याची खात्री करून.

त्यानंतर पातातास आ ला रिओखाना. बटाटे सुरीने पूर्ण न कापता शेवटी मोडून काढतात, म्हणजे पिठूळपणा रश्शात उतरून रस्सा आपोआप दाट होतो. त्यात चोरिसो हे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज आणि सुक्या लाल मिरचीचा गर. ही मिरची तिखट नसते, गोडसर असते. रंग आपल्या तांबड्या रश्शाचा, पण जाळ नाही, म्हणून तरुण रिओखा त्याच्याबरोबर सुखाने नांदते.

आंगियानो गावचे लाल घेवडे, टोमॅटो आणि मिरच्यांत शिजवलेला खारवलेला कॉड मासा, भाजून सोललेल्या पिकियो मिरच्यांत सारण भरून केलेला पदार्थ, भाज्यांची मेनेस्त्रा, कामेरोस डोंगरातलं बकरीच्या दुधाचं चीज हीसुद्धा तिथल्या घरची खाणी आहेत. लोग्रोन्यो शहरात लाउरेल नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिथल्या बारमध्ये उभ्याने एखादा पिन्चो, म्हणजे घास-दोन घासांचा पदार्थ, खायचा, छोटा ग्लास रिकामा करायचा आणि पुढच्या दारी जायचं अशी रीत. पावाच्या चकतीवर लसणाच्या तेलातले मश्रूम आणि वर एक कोळंबी, हा तिथला आवडता पिन्चो.

आपल्या मराठी मटणाबरोबर चालेल का?

बेतानं. अडचण मसाल्याची नसते, तिखटाची असते. मिरचीची आग अल्कोहोल आणखी भडकवतं आणि टॅनिन त्यात कडवटपणा घालतं. झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर रेसेर्वा उघडू नका, दोन्हींची चव जाईल.

पण तिखट कमी केलंत तर कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं मटण ही खरोखर सुंदर जोडी आहे. सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजलेला असतो, त्याचा वास अमेरिकन ओकमधल्या खोबऱ्याच्या वासाला जाऊन मिळतो. मटणाची चरबी टॅनिन सांभाळते. दगडफूल आणि जायपत्रीचा मंद वास मुरलेल्या वाइनच्या मातकट वासाशी जुळतो. इथे मी क्रियान्सा किंवा रेसेर्वा घेईन. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाबरोबरही क्रियान्सा चांगली लागते, मिरी बेताची असेल तर.

आंबट आणि गोड यांची काळजी घ्या. चिंच किंवा आमसूल जास्त पडलं तर वाइन मिळमिळीत लागते. रश्शात गूळ असेल तर तीच वाइन आंबट आणि कडू लागते. सोलकढी आणि रेड वाइन एकाच जेवणात ठेवू नका.

आम्ही शाकाहारी आहोत. आमच्यासाठी काय?

भरपूर. मश्रूम पहिल्या क्रमांकावर. लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेले मश्रूम आणि क्रियान्सा यात चुकायला जागाच नाही. भाजलेली ढोबळी मिरची, वांग्याचं भरीत (हिरवी मिरची कमी घालून), दाण्याचं कूट घातलेली भरली वांगी, अख्खा मसूर, राजमा. रिओखातले लोक लाल घेवड्याबरोबर हीच वाइन पितात, तेव्हा राजम्याला ती परकी नाही. पालेभाज्यांबरोबर मात्र ती कडवट लागते.

आता वाइनबद्दल. ती नितळ करायला काही बोदेगा अंड्याचा पांढरा बलक वापरतात. हारोमधली मूगा ही बोदेगा हे पारंपरिक काम अजूनही ताज्या अंड्यांनी करते. बलक तुरट कण आणि गढूळपणा घेऊन तळाशी बसतो आणि काढून टाकला जातो. काही ठिकाणी जिलेटिन, दुधातलं प्रथिन किंवा नुसती माती वापरतात. अंड्या-दुधाचा अंश उरला असेल तर युरोपात तो लेबलवर लिहावा लागतो. तुमच्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा असेल तर 'वीगन' असं छापलेली बाटली निवडा.

माशाबरोबर?

बांगडा, तारली अशा तेलकट माशांबरोबर नको. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात उग्र, हिवस चव राहते. टोमॅटोच्या रश्शातल्या जाड, पांढऱ्या माशाबरोबर गार केलेली होवेन चालते.

बाटली बिघडली आहे हे कसं ओळखायचं?

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशी आलेल्या तळघराचा वास आला तर बुचातून दोष उतरला आहे. हवा दिल्याने तो जात नाही. व्हिनेगरसारखा झणका आला किंवा कमी वयाची वाइन तपकिरी पडली असेल तर हवा किंवा उष्णता लागली आहे. आपल्याकडे दुसरं कारण जास्त आढळतं. बाटली उन्हात किंवा एसी नसलेल्या दुकानात पडून राहते आणि बूच किंचित वर सरकतं. घेताना त्यावरच्या आवरणाला फुगवटा आहे का ते बोटाने चाचपा.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, होवेन किंवा क्रियान्सा दोन-तीन दिवस. जुनी ग्रान रेसेर्वा त्याच रात्री संपवावी, म्हणून ती चार-पाच जण असतील तेव्हाच उघडा. ७५० मिलीच्या बाटलीत बेताचे पाच ग्लास होतात.

रेड वाइन हृदयाला चांगली असते, हे खरं का?

तब्येतीसाठी म्हणून पिऊ नका. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जे पीत नाहीत त्यांनी सुरू करण्याचं काहीच कारण नाही. जे पितात त्यांनी कमी, जेवणाबरोबर, पाणी घेत प्यावी, आणि नंतर गाडी चालवू नये.

रिबेरा देल दुएरो किंवा प्रिओरात घेतली तर फरक काय?

हे दोन्ही स्पेनमधलेच वाइनचे प्रदेश. रिबेरा देल दुएरोतही द्राक्ष तेच, पण बागा ७०० ते ९०० मीटर उंचीवर. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. साल जाड होते, वाइन गडद आणि दणकट. आरान्दा दे दुएरो गावात लाकडाच्या भट्टीत भाजलेलं दूधपितं कोकरू तिच्याबरोबर खातात. प्रिओरात काळ्या पाटीच्या दगडावर पिकते, गार्नाचा आणि कारिन्येनाची, आणखी भारदस्त. दोन्ही चांगल्या, पण आपल्या मसाल्याशी जुळवून घेणं रिओखालाच जास्त जमतं.

नाशिकलाही तेंप्रानियो होते म्हणतात. तीच चव मिळेल का?

लागवड झाली आहे आणि त्याची वाइनही निघाली आहे, पण चव वेगळी. रिओखात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये. रिओखा साधारण ४२ अंश अक्षांशावर, नाशिक २० वर. आपल्याकडची वाइन फळाने भरलेली आणि पिकलेली लागते, मुरल्याचा मातकटपणा तिच्यात कमी असतो. आयात शुल्कामुळे स्पॅनिश बाटली महाग पडते. तेव्हा द्राक्षाची ओळख नाशिकच्या बाटलीने करून घ्यायला हरकत नाही. क्रियान्सा त्यानंतर घ्या, शक्य तर दोन्ही एकाच जेवणात शेजारी ठेवून.

तिकडे जायचं झालं तर कधी जावं?

काढणी बघायची तर सप्टेंबरच्या शेवटी. लोग्रोन्योचा सान मातेओचा उत्सवही तेव्हाच, २१ सप्टेंबरच्या आसपास असतो. हारोमध्ये २९ जूनला, संत पेद्रोच्या दिवशी, वाइन एकमेकांवर उडवण्याचा सण होतो. त्याला पांढरे कपडे आणि गळ्यात लाल रुमाल घालून जातात. बोदेगांच्या भेटी आधी ठरवाव्या लागतात, जुन्या घरांच्या तर बऱ्याच आधी. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊच्या पुढे असतं, त्यामुळे लाउरेलच्या गल्लीत संध्याकाळी सहाला जाऊन उपयोग नाही. आठच्या सुमारास जा.